नऊ गुण कमी पडले, आणि अण्णांना अजून सांगितलेलं नाही

मॅडम, सादर नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातली. २०१९ साली नीटला कमी गुण पडले. खाजगी कॉलेजची फी झेपणारी नव्हती, म्हणून किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएसला गेले. अण्णांनी दोन एकर रान विकलं. पहिलं वर्ष संपायच्या आत कोविड आला आणि अ‍ॅनाटॉमी घरी बसून मोबाइलवर शिकले. २०२४ ला डिग्री घेऊन परत आले, तेव्हा वेशीवर फ्लेक्स लागला होता, ‘गावची पहिली लेडी डॉक्टर’.

एफएमजीईचे, म्हणजे परदेशी डिग्रीवाल्यांना द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचे, दोन अटेम्प्ट झाले. पहिल्यात १३२, दुसऱ्यात १४१. दीडशे लागतात. पहिल्या वेळी दिल्लीला गौतमनगरमध्ये आठ महिने क्लास केला. दुसऱ्या वेळी ऑनलाइन कोर्स घेतला, सगळे व्हिडिओ दोनदा पाहिले. मेडिसिन आणि सर्जरीच्या नोट्स तोंडपाठ आहेत. पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय, शेवटी ठेवलं होतं, ते अर्धंच झालं. परीक्षेत प्रत्येक विभागात शेवटचे दोन-तीन प्रश्न सोडवायचे राहून गेले, सगळे मिळून बाराएक असतील.

क्लासवाले म्हणतात, पुन्हा दिल्लीला या, पहिल्यापासून सुरू करू. तालुक्याच्या एका हॉस्पिटलनं रात्रपाळीला बोलावलंय. महिना वीस हजार, रजिस्ट्रेशन नसलं तरी चालेल, सही मोठे डॉक्टर करतील म्हणतात. गावातले लोक बीपी बघून घ्यायला घरी येतात. मावसभाऊ म्हणतो, हे सोड आणि यूपीएससी कर. परीक्षेला साडेचार महिने आहेत. क्लास लावू, नोकरी धरू की दोन्ही?

ता. क. अण्णांना मी सांगितलंय, कागदपत्रांमुळे रिझल्ट अडकलाय.

— एक वाचक

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ताज्या कलमापाशी थबकले. क्लासबद्दल चार ओळी, नोकरीबद्दल चार ओळी, आणि जे रात्री झोपू देत नाही ते सही करता करता, उरलेल्या जागेत. त्याकडे मी येणार आहे. पण आधी आपण हिशेब करू. तो हातात नसेल तर अण्णांसमोर बसून तू नुसती रडशील, ते पाणी आणायला उठतील आणि बोलणं राहून जाईल.

एक कबुली आधीच देऊन टाकते. मी तीस वर्षं मेडिकलच्या पोरांना पीएसएम शिकवलं, म्हणजे तू शेवटाला ढकललेला विषय. माझा कल कुणीकडे असणार हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

ज्यांच्या घरात ही परीक्षा आलेली नाही त्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्या भारतीय मुलांना इथं डॉक्टरकी करायची तर २००२ पासून ही चाळणी परीक्षा आहे. वर्षातून दोन सत्रं, जूनचं आणि डिसेंबरचं. एकाच दिवशी दोन भाग, प्रत्येकी १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. चारांतलं एक उत्तर निवडायचं, चुकलं तर गुण कापत नाहीत. ३०० पैकी १५० ला पास. कितीदा बसायचं याला मर्यादा नाही. आणि तरीही अलीकडच्या बहुतेक खेपांना चार-पाच जणांत एकच सुटतो. हिची जागा ‘नेक्स्ट’ नावाची परीक्षा घेणार असं २०१९ च्या कायद्यात आहे, पण ती पुढे पुढेच जात राहिली. तिच्या वाटेकडे डोळे लावून बसू नकोस.

आता तुझे नऊ गुण.

बारा प्रश्न कोरे सोडलेस. चुकल्याचा दंड नसलेल्या परीक्षेत! अगं, डोळे मिटून बाराही ठिकाणी एकच पर्याय दाबला असतास, तरी सरासरीनं तीन बरोबर आले असते. नऊतले तीन तिथंच पडून राहिले. प्रश्नाला एक मिनिट मिळतं, आणि आता पेपरचे वेळ बांधलेले विभाग केलेले असतात. एका विभागाची वेळ संपली की मागे फिरता येत नाही. तेव्हा घरी सराव करतानाच सवय लाव. विभागाची शेवटची दोन मिनिटं उरली की वाचणं बंद, जे राहिलं ते सगळं ठोकून द्यायचं. हे लाजिरवाणं वाटतं हे मला माहीत आहे. हुशार मुलांना ठोकताळ्यानं उत्तर देणं कमीपणाचं वाटतं. कमीपणा १४१ मध्ये जास्त आहे.

दुसरी गोष्ट नीटनं लावलेल्या सवयीची. नीटमध्ये तुझ्यापुढे किती जण आहेत यावर सगळं ठरत होतं. इथं जागाच मोजलेल्या नाहीत. तुझ्या शेजारच्या बाकावरचा २२० घेऊन गेला तरी तुझं काही बिघडत नाही. तीनशेतले दीडशे चुकवायची तुला मुभा आहे. हे एकदा अंगात मुरलं की अभ्यासाची तऱ्हा बदलते. मेडिसिनचा कोपरा न् कोपरा साफ करायची गरज उरत नाही. जिथं एक दिवस घातला की एक गुण हाती लागतो, तिथं आधी जायचं.

तो कुठं लागतो ते बघू. मेडिसिनला ३३ आणि सर्जरीला ३२ गुण आहेत. तू सगळा जीव या दोघांवर टाकलास. स्त्रीरोग-प्रसूतीला ३०. पीएसएमलाही ३०, सर्जरीपेक्षा फक्त दोन कमी. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री सतरा-सतरा. पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मॅक तेरा-तेरा. बालरोग, डोळे, कान-नाक-घसा पंधरा-पंधरा. फॉरेन्सिक दहा. आणि मग पाच-पाच गुणांचे सहा छोटे भिडू आहेत, मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी, भूल, अस्थिरोग आणि रेडिओलॉजी. मुलं यांना ‘शॉर्ट सब्जेक्ट’ म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकतात. सहा पंचे तीस. आणखी एक पीएसएम झालं हे!

मेडिसिन समुद्र आहे. तिथं तुझे वीस असतील तर बावीस करायला महिना जाईल. पीएसएममध्ये अर्धवट तयारीवर बारा मिळवत असशील तर वीस करायला माझ्या अंदाजानं तीन आठवडे पुरावेत. निकालावर विषयवार फोड मिळत नाही, म्हणून ‘असशील’ म्हणते. पण ते शोधणं अवघड नाही. या रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण ग्रँड टेस्ट, म्हणजे अख्ख्या पेपरची सराव परीक्षा, दे आणि विषयवार गुण कागदावर मांड. तो कागद जपून ठेव, पुढे अण्णांना दाखवायचा आहे.

परदेशात शिकलेली मुलं नेमकी कुठं अडतात, याबद्दल माझं एक मत आहे. हृदय बिश्केकला आणि परभणीला सारखंच धडधडतं. पॅथॉलॉजीही बदलत नाही. बदलतो तो पेशंट. तुझ्या तिथल्या वॉर्डातला पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलायचा, त्याला साप चावत नव्हता, तो फवारणी करून चक्कर येऊन पडत नव्हता आणि त्याच्या बाळाचं लसीकरण वेगळ्या देशाच्या वेळापत्रकानं व्हायचं. इथला पेपर इथल्या पेशंटवर निघतो. तुझे वर्गमित्र हा सगळा भाग ‘रट्टा’ म्हणून पाठ करतात, आणि पाठ केलेलं पंधरा दिवसांत सांडतं. तू तर खेड्यात राहतेस. तुझ्यासारखी सोय दिल्लीतल्या कुठल्या क्लासला नाही.

आशाताईला विचार, अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस कुठला. पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, मेडिकल ऑफिसरांना भेटून, ‘परीक्षेसाठी नुसतं बघायचंय’ म्हणून परवानगी घे. अ‍ॅप्रन नको, स्टेथोस्कोप नको, साध्या कपड्यात जाऊन सिस्टरच्या मागे उभी राहा. पेंटा लसीची तारीख तू सहा, दहा, चौदा आठवडे अशी घोकली असशील. सिस्टर आईला सांगते, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. ते एकदा कानावर पडलं की पुसलं जात नाही. बीसीजी डाव्या दंडाला कातडीच्या आत कशी देतात आणि तिथं फोडासारखा फुगवटा कसा येतो, ते डोळ्यांनी बघ. लसीच्या कुपीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेतोवर लस चालते, दोन्हींचा रंग एक झाला की बाद. याचं चित्र पेपरात आलं तर तुला आठवावं लागणार नाही, तू ती कुपी बोटात धरलेली असशील.

मग पीएचसीचा फ्रिज बघ, दोन ते आठ अंश. तुमचं गाव कुठल्या उपकेंद्रात, ते उपकेंद्र कुठल्या पीएचसीत, याचा कागदावर नकाशा काढ. सपाट मुलखात उपकेंद्राला पाच हजार लोकसंख्या, डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार. पीएचसीला तीस हजार आणि वीस हजार. आशा साधारण हजार लोकांमागे एक. तुझी आशाताई ही त्या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर आहे, आणि तिला या माहितीबद्दल कुणी कधी चहा पाजलेला नसतो. पाज.

नोट्सचं सालही तपास. माझ्या भाच्याच्या हातात मागे एक जाडजूड वही पाहिली, तिच्यात क्षयरोगाचा कार्यक्रम जुन्याच नावानं होता. ते नाव २०२० मध्ये बदललं. पोलिओच्या सुईचा तिसरा डोस नऊ महिन्यांना सुरू झाला २०२३ च्या जानेवारीत. त्याआधीच्या नोट्स पाठ केल्या तर चुकीचं उत्तर अगदी आत्मविश्वासानं येतं. मला विचारशील तर पीएसएममध्ये अडाण्यापेक्षा जुन्या नोट्सवालाच जास्त मार खातो.

आता साप. यात मी रमणार, क्षमा कर. ‘रात्री जमिनीवर झोपलेला तरुण पहाटे पोटात दुखतं म्हणून उठला, पापण्या उघडत नाहीत, अंगावर सूज नाही, दंशाची खूणही नाही.’ तुझे दिल्लीतले मित्र इथं पोटाच्या आजारांची यादी आठवत बसतील. तुझ्या आजीला विचार, ती म्हणेल मण्यार. सूज चढत चाललीय, हिरड्यांतून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, तर घोणस. फुरसंही रक्तच बिघडवतं. नागाच्या दंशात सूज असते आणि पापण्याही मिटतात. चौघांवर प्रतिविष एकच. रक्त काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. एवढ्यावर मेडिसिन आणि फॉरेन्सिक दोन्हींकडचे प्रश्न निघतात.

विंचवाचंही तसंच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशात माणसं फुफ्फुसात पाणी होऊन जायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरलं आणि ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. हे नाव पेपरात येणार नाही, प्राझोसिन येऊ शकतं. पण महाड डोक्यात राहिलं की प्राझोसिन आपोआप राहतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी फार्मॅकचं अर्ध पान असंच गावांच्या नावांनी शिकवायचे. माकडताप म्हटलं की सिंधुदुर्गातलं दोडामार्ग आणि गोव्यातली सत्तरी, मग गोचीड आठवते. बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, घाम म्हटलं की २०१७ सालचं यवतमाळ, फवारणीनं दगावलेले शेतकरी आणि शेतमजूर. मग त्या विषावरचं अ‍ॅट्रोपिन विसरायची कुणाची हिंमत आहे? तुझ्या अण्णांच्या गोठ्यातल्या कीटकनाशकाच्या डब्यावरचं नावही वाचून ठेव, म्हणजे औषधांचे गट पाठ होतील.

रोजचा अभ्यास कसा करावा हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण तुझ्या पत्रातलं ‘सगळे व्हिडिओ दोनदा पाहिले’ हे वाक्य मला खुपलं. व्हिडिओ बघताना सगळं कळतं. सर लिहीत असतात, आपण मान हलवत असतो. विहिरीच्या काठावर बसून पोहणं कळतंच. साडेचार महिन्यांत एकही व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू नकोस. सकाळी चहाच्या आधी, काहीही न वाचता, पन्नास प्रश्न, पन्नास मिनिटं. मग चहा. मग त्या पन्नासांवर दोन-अडीच तास बस, चुकलेल्यांवर आणि चुकून बरोबर आलेल्यांवरही. एक चुकांची वही कर. प्रत्येक चुकीपुढे लिही, माहीतच नव्हतं, माहीत होतं पण गोंधळ झाला, की प्रश्नच नीट वाचला नाही. महिनाभरानं मोज. तू १४१ वर आहेस म्हणजे तुझ्या वहीत दुसरा आणि तिसरा प्रकार जास्त निघेल, अशी माझी अटकळ आहे. ‘यापैकी कोणते नाही’ मधला ‘नाही’ न वाचल्याने गेलेले गुण कुठल्याही क्लासला परत मिळवून देता येत नाहीत.

दुपारी त्या चुकांपुरतं नोट्समध्ये जा, तेवढंच वाच, बाहेर ये. संध्याकाळी चित्रं बघ. ईसीजी, एक्स-रे, कातडीवरचे डाग, डोळ्यांचा पडदा, पाच-पाच गुणांचे भिडू इथंच वश होतात. प्रश्नसंच एकच ठेव. तीन अ‍ॅपं घेऊन प्रत्येकातला तिसरा हिस्सा सोडवणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांना फक्त पैसे भरल्याचं समाधान मिळतं. रविवारी पूर्ण ग्रँड टेस्ट, परीक्षेच्याच वेळेला, मधल्या सुट्टीत डबा खाऊन. दुपारच्या भागात झोप येते की नाही हे घरी कळलेलं बरं. आणि टेलिग्रामवरचे ‘रिकॉल’ वाचायचे असतील तर आठवड्यातून एकदा. परीक्षा देऊन आलेल्या घाबरलेल्या मुलांच्या आठवणी असतात त्या, अर्ध्यांचे पर्यायही चुकीचे असतात.

हे सगळं धरलं तर दिल्लीच्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालंच असेल. जाऊ नकोस. ‘पहिल्यापासून सुरू करू’ हे क्लासवाल्यांच्या सोयीचं वाक्य आहे, त्यांचा कोर्स पहिल्यापासूनच असतो. तू १३२ वरून १४१ वर आलीस. पहिल्यापासून सुरू केलंस तर जून महिन्यातल्या पेरणीसारखी पुन्हा अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या पानावर जाशील आणि पीएसएम पुन्हा शेवटी राहील. घरात लाइट जात असेल, पाहुण्यांचा राबता असेल, तर परभणीत एखाद्या अभ्यासिकेत जागा धर. एमपीएससीची मुलं असतात तिथं. त्यांच्याबरोबर सकाळचा चहा घे, कट-ऑफच्या गप्पा सुरू झाल्या की उठ.

हॉस्पिटलची नोकरी मात्र साफ नाही. इथं मी ‘पण’ लावणार नाही. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याच्या ३४ व्या कलमाखाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सही मोठे डॉक्टर करतील’ याचा अर्थ समजून घे. रात्री दोनला पेशंट दगावला तर मोठे डॉक्टर म्हणतील, मी घरी होतो. नातेवाईक ज्या बाईच्या अंगावर धावून येतील ती तू असशील, आणि पोलिस नोंदणी कुणाची मागतील तर तुझी. वीस हजारांसाठी पुढची चाळीस वर्षं गहाण पडतील. पैशाची नड खरी असेल तर शहरात नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकव, दिवसाचे दोन तास. फिजिऑलॉजीची उजळणीही होईल.

बीपी बघायला येणाऱ्या बायकांना परत पाठवू नकोस, मशिन लावून आकडा सांग. तो कुणीही सांगू शकतं. गोळीचं नाव मात्र तोंडातून काढू नकोस. ‘मावशी, पीएचसीत दाखवा’ एवढंच. ‘सेटिंग’ करून देतो असे फोन तुला आले असतील, नसले तर येतील. २०२२ च्या डिसेंबरात सीबीआयनं देशभर छापे टाकले होते. चाळणी परीक्षा पास न होता राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांकडे नोंदणी मिळवलेल्या ७३ परदेशी पदवीधरांवर आणि काही कौन्सिलांच्या माणसांवर तो गुन्हा होता. ती मुलंही कुणाच्या तरी अण्णांचं रान विकूनच शिकली असतील.

कागदपत्रांचं एक खरं काम आहे, ते आठवडाभरात उरकून टाक. नीटचं गुणपत्रक, डिग्री आणि तिच्यावरची अपॉस्टिल किंवा दूतावासाची मोहोर, पासपोर्टची सगळी पानं, येण्याजाण्याच्या शिक्क्यांसकट. कोविडकाळात जे वर्ग मोबाइलवर झाले त्यांची प्रत्यक्ष भरपाई केल्याचं विद्यापीठाचं पत्रही मागवून ठेव. पास झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी आणि मग इंटर्नशिप, तिथं या कागदांवर मुलं महिनोन् महिने अडकतात. म्हणजे तू अण्णांना सांगितलेली थाप उद्या खरी ठरू शकते. तेवढी तरी टाळ.

आता अण्णा.

तुला वाटतंय तू त्यांना दुःखापासून वाचवते आहेस. तू त्यांना रोज संध्याकाळी चावडीवर खोटं बोलायला लावते आहेस, त्यांच्या नकळत. कुणीतरी विचारतं, ‘लागला का निकाल?’ आणि ते तुझंच वाक्य पुढे सांगतात, कागदपत्रं अडकलीत म्हणून. ज्या दिवशी त्यांना दुसऱ्याकडून कळेल त्या दिवशी त्यांना नऊ गुणांचं काही वाटणार नाही, चावडीचं वाटेल. आणि तुझंही बघ ना, फोन वाजला की दचकायचं, निकालाचा विषय निघाला की उठून जायचं. यात रोजचा किती वेळ जातो याचाही हिशेब कर, तू हिशेब करायला बसलीच आहेस तर.

फोनवर नको, आईकरवी नको. रविवारची ग्रँड टेस्ट झाली की सोमवारी संध्याकाळी, ते रानातून आल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावर. दोन कागद घेऊन बस. एकावर निकालाचे १४१, दुसऱ्यावर विषयवार गुण. म्हणावं, अण्णा, रिझल्ट अडकला नव्हता, मी नऊ गुणांनी नापास झाले आणि सांगायची हिंमत झाली नाही. मग दुसरा कागद पुढे कर. शेतकऱ्याला कागदावरचा हिशेब कळतो. कुठल्या वावरात पीक आलं, कुठल्यात आलं नाही, पुढच्या हंगामाला कुठं खत घालायचं. ‘अभ्यास करते’ म्हणण्यापेक्षा ‘पीएसएममध्ये आठ वाढवायचे आहेत आणि त्यासाठी बुधवारी अंगणवाडीत जाणार आहे’ हे त्यांना जास्त समजेल. ते रागावतील कदाचित. दोन दिवस बोलणार नाहीत. त्या दोन दिवसांतही सकाळचे पन्नास प्रश्न सुटले पाहिजेत.

फ्लेक्सची लाज वाटत असेल तर अण्णांनाच उतरवायला सांग. नाहीतर राहू दे, आमच्या इथले फ्लेक्स एका पावसाळ्यापलीकडे टिकलेले मी पाहिले नाहीत. त्यावर आनंदीबाई जोशींचा फोटो होता का गं? असणारच.

आणखी किती वेळा बसायचं, हे तू विचारलं नाहीस, पण अण्णा विचारतील. मी म्हणेन, ही खेप आणि गरज पडली तर पुढची एक. ते आत्ताच, त्यांच्यासमोर ठरवून टाक. मर्यादा परीक्षेनं घातलेली नाही म्हणून तूही घालू नये असं थोडंच आहे? पाच-सात वर्षं अटेम्प्ट देत राहिलेली, मधेच लग्न होऊन, मूल होऊन, तरीही ‘या वेळी नक्की’ म्हणणारी मुलं-मुली मी पाहिली आहेत. दोन खेपांनंतर नाहीच झालं तर पुण्या-मुंबईत क्लिनिकल रिसर्च, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी फार्माकोव्हिजिलन्स, मेडिकल रायटिंग अशी कामं आहेत, त्यांना कौन्सिलची नोंदणी लागत नाही आणि तुझी पाच वर्षं तिथं वाया जात नाहीत. आत्ता त्यांची माहिती काढत बसू नकोस, नाव माहीत असलं की पुरे. मावसभावाला सांग, एका परीक्षेच्या फेऱ्यातून सुटायला माणूस त्याहून अवघड परीक्षा सुचवत नसतो.

सोमवारचं बोलणं कसं झालं ते दोन ओळीत कळव. सदरात छापणार नाही.

तुझी,
मॅडम

ता. क. माझंही एक ताजं कलम. गोवर-रुबेलाची लस पाण्यात मिसळल्यावर किती तासांत संपवायची आणि उरलेल्या कुपीचं काय करायचं, हे मी वर मुद्दाम लिहिलेलं नाही. बुधवारी सिस्टरला विचार आणि पत्रात मला सांग.